घरचा डॉक्टर आणि न विचारलेला प्रश्न

पंचेचाळिशीचा एक गृहस्थ संध्याकाळच्या गर्दींत आपल्या नेहमींच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत येऊन बसतो. नोकरी बरी, कपडे स्वच्छ, बोलणें मर्यादशील. तक्रारी म्हणाव्या तर अगदीं साध्या : पोटांत जळजळ होते, पहाटे तीन वाजतां जाग आली कीं पुन्हां डोळा लागत नाहीं, सकाळीं दाढी करतांना हात किंचित् कांपतो. डॉक्टर नाडी पाहतात, रक्तदाब मोजतात; तो थोडा चढलेला असतो. पित्तावर एक, झोपेसाठीं एक आणि रक्तदाबावर एक अशा तीन गोळ्या कागदावर उतरतात. "जागरणें कमी करा, तिखट जपून खा," असा उपदेश होतो आणि गृहस्थ नमस्कार करून उठतो. सारें पांच मिनिटांत आटोपतें. या पांच मिनिटांत एकच प्रश्न विचारावयाचा राहिलेला असतो, आणि ज्या एका कारणानें त्या साऱ्या तक्रारी उद्भवलेल्या असतात तें कारण त्या न विचारलेल्या प्रश्नाआड दडून राहतें. गृहस्थ रोज रात्रीं दारू घेतो. पूर्वीं आठवड्यांतून एकदां घेत असे. आतां तिच्यावांचून त्याचा दिवस मावळत नाहीं.

हा गृहस्थ कल्पित खरा; पण असा एकहि गृहस्थ जिच्यांत नाहीं अशी गल्ली मुंबई-पुण्यासारख्या शहरीं सांपडणें कठीण. दारू, तंबाखू, अफू व अफूपासून निघालेलीं द्रव्यें, आणि औषधाच्या नांवाखालीं घरांत शिरणाऱ्या गोळ्या यांच्या आहारीं गेलेला मनुष्य सर्वांत आधीं ज्याच्यासमोर येऊन बसतो, तो मनोविकारांचा तज्ज्ञ नव्हे कीं व्यसनमुक्ति-केंद्राचा चालक नव्हे. तो नाक्यावरचा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांतला साधा डॉक्टर होय. या डॉक्टराची व्यसन ओळखण्याची व त्यावर इलाज करण्याची कितपत तयारी असते, आणि ती नसल्यास कशानें होईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या तयारीची मोजदाद अमेरिकेंत एकदां काळजीपूर्वक झालेली आहे. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या व्यसनविषयक केंद्रानें २००० सालीं ६४८ डॉक्टर आणि उपचार घेत असलेले ५१० व्यसनी रोगी यांना प्रश्न विचारून एक अहवाल प्रसिद्ध केला. मोठ्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढें एका रोग्याचें वर्णन ठेवण्यांत आलें होतें. अतिरिक्त मद्यपानाचीं प्रारंभींचीं लक्षणें त्या वर्णनांत होतीं. या रोग्यास कोणते पांच विकार असूं शकतील, असें विचारलें असतां शेंकडा ९४ डॉक्टरांच्या यादींत व्यसनाचें नांवच आलें नाहीं. बालरोगतज्ज्ञांपुढें अंमली पदार्थ घेणाऱ्या एका किशोरवयीन मुलाचें ठळक वर्णन ठेवलें. तेथेंहि शेंकडा ४१ जण चुकले. याच डॉक्टरांना स्वतःच्या तयारीविषयीं विचारलें, तेव्हां रक्तदाब ओळखण्यास आपण पूर्ण तयार आहों असें सुमारें ८३ टक्के म्हणाले. मद्यासक्ति ओळखण्याविषयीं तसें म्हणणारे २० टक्केहि भरले नाहींत. आणि रोग्यांची साक्ष काय ? निम्म्याहून अधिक रोगी म्हणाले कीं, आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं आमच्या व्यसनाविषयीं कांहींच केलें नाहीं. त्यांतल्या कांहींचें म्हणणें तर असें होतें कीं, डॉक्टरांना तें ठाऊक होतें, तरी ते गप्प राहिले.

ही गोष्ट परदेशची म्हणून बाजूला सारतां येणार नाहीं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें देशभर पाहणी केली. ती २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या अनुमानाप्रमाणें दहा ते पंचाहत्तर वर्षें वयाच्या लोकांपैकीं सुमारें १६ कोटि दारू पितात, आणि त्यांतील सुमारें ५ कोटि ७० लक्ष लोकांस तिच्यापायीं मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ माणसांमागें एकालाच कांहीं उपचार मिळालेला असतो. रुग्णालयांत राहून उपचार घेतलेला तर १८० मध्यें एक. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें 'मुक्तांगण' उभें केलें. अशा संस्थांचें कार्य थोर खरें. पण एवढ्या कोटि लोकांना पुरतील इतक्या संस्था कधींहि निघावयाच्या नाहींत. उरलेले सदतीस जण कोठें जातात ? ते पोटासाठीं, झोपेसाठीं, पडून झालेल्या जखमेसाठीं घरच्या डॉक्टरांकडेच जातात.

मग डॉक्टर विचारीत कां नाहींत ? याचें पहिलें कारण शिक्षणांत आहे. वैद्यकीय विद्यालयांत विद्यार्थी दारूनें कडक झालेलें यकृत पाहतो, त्याची चिकित्सा शिकतो. पण यकृत बिघडण्यापूर्वीं दहा वर्षें जो मनुष्य त्याच्यासमोर बसणार असतो, त्याच्याशीं कसें बोलावें हें त्याला क्वचितच शिकविलें जातें. आपल्याकडे पदवीच्या अभ्यासक्रमांत मानसरोगांच्या विभागांत घालवावयाचे दिवस थोड्या आठवड्यांत मोजण्याइतके, आणि त्या विषयाची स्वतंत्र परीक्षा नाहीं. ज्याची परीक्षा नाहीं त्याचा अभ्यास किती होतो, हें प्रत्येक शिक्षकास व प्रत्येक पालकास ठाऊक आहे.

दुसरें कारण समजुतीचें. राम गणेश गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून सुधाकराचा अधःपात पाहून मराठी घरांनीं पिढ्यान् पिढ्या डोळे पुसले आहेत. त्या अश्रूंबरोबर एक गोष्ट मनांत कायमची बसली, ती ही कीं पहिला प्याला घेतला म्हणजे शेवट ठरलेलाच. डॉक्टरहि याच समाजांत वाढलेला असतो. दारू ही त्याच्या दृष्टीनें एक तर शील ढळल्याची खूण असते, नाहीं तर विधिलिखित असतें, रोग नसतो. वास्तविक हा विचार वैद्यकास नवा नाहीं. स्कॉटिश नौदलवैद्य टॉमस ट्रॉटर यानें १८०४ सालींच अतिमद्यपानास मनाचा विकार म्हटलें. आपल्याकडे तर चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि अहितकर संवय एकदम न तोडतां अंशाअंशानें सोडावी हेंहि त्याच ग्रंथांत सांगितलें आहे. ज्याला प्राचीनांनीं चिकित्सेंत स्थान दिलें, त्याला अर्वाचीन दवाखान्यांत तें नसावें, हें नवलच म्हणावयाचें.

तिसरें कारण भिडेचें. डॉक्टर आणि कुटुंब यांचा वीस-वीस वर्षांचा घरोबा असतो. "आपण दारू घेतां काय ?" असें विचारलें तर गृहस्थ दुखावेल, उद्यां दुसऱ्याकडे जाईल, अशी धास्ती. अमेरिकेंतील त्या पाहणींत अर्ध्याहून अधिक डॉक्टर म्हणाले कीं, रोगी खोटेंच सांगतात, मग विचारून काय उपयोग ? आणि शेवटचें कारण वेळेचें : बाहेर बाकावर वीस माणसें खोळंबलेलीं असतात.

या सबबी खऱ्या आहेत, पण अखेरच्या नाहींत. रोगी खोटें सांगतो तें बहुधां प्रश्न उलट्या काळजानें विचारला म्हणून. "दारूबिरू नाहीं ना घेत ?" या प्रश्नांत उत्तर आधींच भरलेलें असतें, "छे, छे," याखेरीज दुसरें काय येणार? तोच डॉक्टर "झोप किती, भूक कशी" या ओळींत, त्याच स्वरांत, "दारू आठवड्यांतून किती दिवस होते, आणि एका वेळीं किती ?" असें विचारील, तर उत्तर निराळें येतें. तंबाखूचेंहि तसेंच. "विडी-सिगारेट ?" या प्रश्नास आपल्याकडील स्त्री "नाहीं" म्हणते आणि तें खरेंच असतें, पण ती सकाळ-संध्याकाळ मशेरी लावीत असते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हें तिच्या ध्यानीं नसतें आणि पुष्कळदां डॉक्टरांच्याहि नसतें. सरकारी तंबाखूविषयक पाहणी २०१६-१७ सालीं झाली. तींत असें आढळलें कीं, वर्षभरांत डॉक्टर किंवा अन्य आरोग्यसेवकाकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणारांपैकीं निम्म्यांस तें सोडण्याचा सल्ला मिळाला. खाणाऱ्या-लावणाऱ्यांपैकीं मात्र तिसऱ्या हिश्श्यासहि मिळाला नाहीं.

प्रश्न कोणते विचारावे, हेंहि ठरून गेलेलें आहे. अमेरिकेंतील डॉ. जॉन यूइंग यांचे चार प्रश्न १९८४ सालीं प्रसिद्ध झाले. आतां पिणें कमी करावें असें कधीं वाटलें काय ? त्याविषयीं कोणी बोललें म्हणजे राग येतो काय ? पिण्याबद्दल मनाला कधीं टोचणी लागली काय ? आणि सकाळीं उठल्याबरोबर, हात स्थिर व्हावा म्हणून, कधीं घ्यावी लागली काय ? या चारांपैकीं दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें तर डॉक्टरांनीं सावध व्हावें. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि यासाठीं दहा प्रश्नांची एक पत्रिका तयार केली आहे. चार प्रश्नांस एक मिनिट लागतें. रक्तदाब मोजण्यास याहून अधिक लागतें.

विचारून पुढें काय, ही शंका उरते. साधा सल्ला कितीसा फळणार ? याचें उत्तर आंकड्यांत आहे. लंडनमधील डॉ. मायकेल रसेल व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांच दवाखान्यांतील सुमारें दोन हजार धूम्रपानी रोग्यांचे गट पाडले. ज्यांना कांहींच सांगितलें नाहीं, त्यांतील वर्षभर सिगारेट सोडून राहिलेले शेंकडा ०.३, ज्यांना डॉक्टरांनीं एक-दोन मिनिटें सल्ला दिला, एक पत्रक हातीं दिलें आणि "पुढें पुन्हां विचारीन" असें बजावलें, त्यांतले शेंकडा ५.१. शेंकडा पांच हा आंकडा लहान दिसतो, परंतु डॉ. रसेल यांनीं हिशेब मांडला कीं, ब्रिटनमधील सर्व सामान्य डॉक्टरांनीं एवढेंच केलें तर वर्षाकांठीं पांच लाखांवर लोक सिगारेट सोडतील, आणि तितकें काम करण्यास खास केंद्रें पन्नासांचीं दहा हजार केलीं तरी पुरणार नाहींत. दारूविषयीं असाच प्रयोग १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील ४७ दवाखान्यांत, बेताबाहेर पिणाऱ्या ९०९ रोग्यांवर तो झाला. डॉक्टरांनीं सल्ला दिलेल्या पुरुषांपैकीं शेंकडा ४४ वर्षअखेर बेतांत आले. न दिलेल्यांतील शेंकडा २५.

याहून जवळची साक्ष गोव्याची आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक रीतीनें पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग झाला; त्याचें फल २०१७ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत आलें. समजावणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरहि नव्हते. ते शिकवून तयार केलेले साधे लोक होते. अर्ध्या-पाऊण तासाच्या एक ते चार भेटी, एवढाच उपचार. तीन महिन्यांनीं पाहिलें असतां, आधींच्या चौदा दिवसांत थेंबहि न घेतलेले, समजावलेल्यांत शेंकडा ४२ आणि इतरांत शेंकडा १८ निघाले. म्हणजे वेळ नाहीं ही डॉक्टरांची अडचणहि सुटण्यासारखी आहे. डॉक्टरांनीं ओळखावें आणि जवळच्या शिकलेल्या परिचारिकेच्या किंवा समुपदेशकाच्या हातीं सोंपवावें.

मात्र एका ठिकाणीं केवळ सल्ला पुरत नाहीं. तेथें न विचारणें जिवावर बेततें. वर्षानुवर्षें रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकीं बंद झाली, तर कांहीं तासांतच कांप व घाम सुरू होतो. कोणाला झटके येतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं भ्रम होऊन रोगी भिंतीवर किडे पाहूं लागतो, बिछान्यांतून पळूं लागतो. तो पंचेचाळिशीचा गृहस्थ मोटारीखालीं सांपडून पाय मोडून रुग्णालयांत पडला, असें समजा. घरचीं माणसें लाजेनें गप्प. डॉक्टरांनींहि विचारलें नाहीं. तिसऱ्या रात्रीं तो बरळूं लागतो. कोणी म्हणतो मेंदूस मार बसला, कोणी म्हणतो औषध बाधलें. वेळीं ठाऊक असतें, तर पहिल्याच दिवशीं मोजक्या मात्रेंत शामक औषध आणि थायमिन हें जीवनसत्त्व देऊन ही रात्र टाळतां आली असती. थायमिन न देतां साखरेचें सलाइन चढविलें तर मेंदूस कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणून "आजपासून एकदम सोडा" हा उपदेशहि जुन्या मद्यप्यास डॉक्टरी देखरेखीशिवाय देऊं नये.

अफूजन्य द्रव्यांच्या बाबतींत फ्रान्सचा दाखला बोलका आहे. त्या देशानें १९९५-९६ च्या सुमारास साध्या डॉक्टरांनाहि ब्युप्रेनॉर्फिन हें औषध लिहून देण्याची मुभा दिली. हें औषध हेरॉइनची तळमळ शमवितें आणि माणसाला कामधंद्याला लावतें. हजारों रोगी घरच्या डॉक्टरांकडे जाऊं लागले, आणि अतिमात्रेनें होणारे मृत्यु १९९५ पासून १९९९ पर्यंत सुमारें चार-पंचमांशांनीं घटले. त्यासाठीं नवीं रुग्णालयें बांधावीं लागलीं नाहींत. नाक्यावरच्या डॉक्टरावर विश्वास टाकला आणि त्याला साधन दिलें, एवढेंच.

येथें डॉक्टरांच्या लेखणीविषयीं एक कटु गोष्ट बोलणें प्राप्त आहे. सर्वच व्यसनें गुत्त्यांत लागत नाहींत. कांहीं दवाखान्यांत लागतात. झोपेसाठीं दहा दिवसांकरितां म्हणून लिहिलेली अल्प्राझोलामची गोळी दहा वर्षें चालूं राहते. कमरेच्या दुखण्यावरचें ट्रॅमाडॉल दुखणें गेल्यावरहि सुटत नाहीं. खोकल्याचें कोडीनयुक्त औषध तरुण पोरें बाटलीनें पितात. सरकारनें २०१४ पासून अशा कित्येक औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवण्याचा नियम केला, आणि २०१८ सालीं ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें. पण कायदा दुकानदाराची वही तपासतो. गोळी किती दिवस आणि कधीं बंद, हें लिहिणें डॉक्टरांच्याच हातीं आहे. आरंभींच्या त्या गृहस्थालाहि रोजच्या दारूवर झोपेची गोळी मिळालीच होती ! दोन्ही एकत्र घेतल्यानें श्वास मंदावूं शकतो, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें, कारण कोणाला विचारावयाचेंच सुचलें नव्हतें.

घरानेंहि आपला वांटा उचलावयास हवा. गृहिणी एकटीच जाऊन डॉक्टरांना "यांचें पिणें वाढलें आहे" असें सांगते, तेव्हां ती चहाडी करीत नाहीं. ज्वराचा ताप मोजून सांगावा तशी ती एक लक्षण सांगत असते. रुग्णालयांत दाखल करतांना तर ही गोष्ट प्रथम सांगावी. जाहिरातींतलीं, रोग्याच्या नकळत जेवणांत कालविण्याचीं चूर्णें मात्र घरांत आणूं नयेत. दारूचा तिटकारा आणणारें डायसल्फिरॅम हें औषध खरें आहे. परंतु त्यावर दारू पोटांत गेली कीं रक्तदाब कोसळून प्राणावर बेतूं शकतें. तें रोग्याच्या संमतीनें, डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावयाचें असतें. आणि सुटलेली दारू पुन्हां सुरू झाली म्हणून "गेलें सारें" असें म्हणूं नये. मधुमेह्याची साखर पुन्हां चढली तर डॉक्टर त्याला दाराबाहेर काढीत नाहींत. औषध बदलतात, पथ्य पुन्हां समजावतात. तोच न्याय येथें लावावा.

शेवटीं एका डॉक्टराचीच गोष्ट. अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं रॉबर्ट स्मिथ नांवाचे शस्त्रवैद्य होते. स्वतः दारूच्या पूर्ण आहारीं गेलेले. १९३५ सालीं दारू सोडूं पाहणारा बिल विल्सन हा परगांवचा मनुष्य त्यांना भेटला. दोघे तासन् तास बोलत बसले. त्या भेटींतून मद्यमुक्तांची, आज देशोदेशीं पसरलेली, 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना जन्मास आली. डॉक्टर स्मिथ यांच्यापाशीं पुस्तकी ज्ञान कमी नव्हतें. त्यांना हवें होतें तें समोर बसून, न हिणवतां, न घाबरवतां विचारणारें आणि ऐकून घेणारें एक माणूस.

तो पंचेचाळिशीचा गृहस्थ महिन्यानें पुन्हां दवाखान्यांत येईल. गोळ्या संपलेल्या असतील, जळजळ तशीच असेल. बाहेर तेवढीच गर्दी असेल. डॉक्टर नाडी पाहतील, रक्तदाब मोजतील. त्यानंतर त्यांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं, झोप-भुकेच्या चौकशीच्याच शांत स्वरांत, तो एक प्रश्न विचारावा. गृहस्थ कदाचित् त्या दिवशीं खरें सांगणार नाहीं. पण आपल्याला कोणीतरी विचारलें, आणि विचारणारा रागावला नाहीं, हें तो घरीं घेऊन जाईल, आणि तिसऱ्या खेपेस तोच होऊन म्हणेल, "डॉक्टरसाहेब, त्या दिवशीं आपण विचारलें होतें..." उपचाराची सुरुवात तेथें होते.